सर्व्हरचा बेंचमार्क कमी येतो, किंवा दर वेळी वेगळाच येतो: तपासणी कुठून सुरू करायची

बेंचमार्क म्हणजे मशीनचा वेग मोजणारी ठरलेली चाचणी. आधी लक्षणं.

- तोच सर्व्हर, तीच चाचणी. काल रात्रीच्या आणि आज दुपारच्या आकड्यांत वीस-तीस टक्क्यांचा फरक.
- नवा सर्व्हर जुन्याच्या दुप्पट किमतीचा, पण मेमरीच्या चाचणीत दोघांचे आकडे जवळजवळ सारखे.
- पहिली दोन मिनिटं झकास, मग घसरण.
- डिस्कवरून वाचन ठीक, छोटं-छोटं लेखन मात्र रांगतं.
- आणि एक लक्षण, ज्याची तक्रार कोणीच करत नाही: आकडा फारच चांगला येतो. साध्या सॅटा एसएसडीवरून सेकंदाला ४ जीबी! सॅटाची तार ६ गिगाबिटची, तिच्यातून ५५० एमबीच्या पुढे काही निघत नाही. म्हणजे डिस्क मोजलीच गेली नाही, रॅम मोजली गेली.

मी नागपूर-अमरावती पट्ट्यातल्या पतसंस्था, दवाखाने आणि एमआयडीसीतले लहान कारखाने यांचे सर्व्हर बघतो. "सर्व्हर स्लो आहे, आम्ही टेस्ट मारून बघितली" हा फोन इतक्यांदा आलाय की आता बॅगेत स्क्रू ड्रायव्हरच्या आधी वही टाकतो. मशीनमध्ये बिघाड नसतोच असं नाही. पण तिथवर पोचायच्या आधी पाच-सहा बिनखर्चाच्या गोष्टी असतात आणि बरेचदा तिथेच उत्तर सापडतं. म्हणून क्रम असा ठेवलाय: आधी बसल्या जागी होणारं, मग मशीन बंद करून करायचं, शेवटी पैसे लागणारं.

सुरुवात करण्याआधी एक सूचना

एफआयओ या डिस्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रामला लेखनाची चाचणी देताना फाइलच्या जागी अख्ख्या डिस्कचं नाव दिलं, तर तो त्या डिस्कवरचा डेटा निमूटपणे पुसत जातो. माउंट केलेली डिस्क दिसली तर तो थांबतो, पण एलव्हीएमला (डिस्कची जागा वाटणारी लिनक्सची व्यवस्था) दिलेली किंवा व्हीएमला (एका मशीनच्या आत चालणारं आभासी मशीन) थेट जोडलेली डिस्क त्याच्या लक्षात येईलच असं नाही. मला हे कसं माहीत ते विचारू नका. ती डिस्क नशिबाने चाचणीचीच होती, तरी पार्टिशन टेबल गेलेलं बघून पोटात गोळा आला. चालू सर्व्हरवर लेखनाची चाचणी कायम वेगळ्या फोल्डरमधल्या नव्या फाइलवर करायची, आणि तीही कालचा बॅकअप खरोखर उघडतो का हे बघून मगच.

पाच वेळा चालवा

एकदा चालवलेल्या चाचणीवरून काहीच ठरवता येत नाही. पाच वेळा चालवा, मध्ये दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, पाचही आकडे वेळेसकट लिहा. सरासरी काढत बसू नका. मधला आकडा घ्या आणि सगळ्यात मोठ्या-लहान आकड्यांतलं अंतर बघा.

इथेच वाट फुटते. पाचही आकडे दोन-तीन टक्क्यांच्या आत असतील आणि तरी कमी असतील, तर मशीनची जुळणी किंवा एखादा भाग यात दोष आहे: रॅमच्या पट्ट्या, रेड कार्डाची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) बॅटरी, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग. आकडे हेलकावे खात असतील, तर मशीनवर आणखी कोणीतरी काम करतंय, मशीन तापतंय, किंवा ते मुळात पूर्ण तुमचं नाहीच. पुढची प्रत्येक तपासणी या दोनपैकी एका बाजूची आहे. हे न ठरवता बायोसमध्ये शिरलेली माणसं मी पाहिली आहेत. चार सेटिंगं एकदम बदलतात आणि मग कशाने काय झालं ते त्यांनाही सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल.

मशीनवर आणखी कोण आहे?

टॉप आणि आयओटॉप (चालू कामं आणि डिस्कचा वापर दाखवणारी लिनक्सची साधनं) उघडून पाच मिनिटं नुसते बघत बसा. बॅकअप, अँटिव्हायरसची झाडाझडती, डेटाबेसची रात्रीची कामं, सगळे तिथे दिसतात. न दिसणारा एक पाहुणा म्हणजे रेडची स्वतःची पडताळणी. हार्डवेअर रेड कार्ड 'पॅट्रोल रीड' (म्हणजे गस्तीचं वाचन) नावाने अधूनमधून सगळ्या डिस्क वाचून काढतं, आणि ते ऑपरेटिंग सिस्टिमला कळतही नाही. कार्डाच्याच साधनात बघावं लागतं. सॉफ्टवेअर रेड असेल तर आणखी गंमत. डेबियन लिनक्सवर एमडीएडीएमची (सॉफ्टवेअर रेड सांभाळणाऱ्या साधनाची) तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे आपोआप सुरू होते. ऑफिस बंद म्हणून आपण चाचणीसाठी निवडतो तोही रविवारच! 'प्रॉक एमडीस्टॅट' ही फाइल एकदा उघडली की दोन सेकंदांत कळतं.

मशीन आहे की व्हीएम?

व्हीएम असेल तर टॉपमध्ये सीपीयूच्या ओळीत शेवटी 'एसटी' बघा. तुमच्या वाट्याचा सीपीयू होस्टने (व्हीएम ज्यावर चालतं त्या खऱ्या मशीनने) दुसऱ्याला दिला तो वेळ तिथे दिसतो. तो सतत चार-पाच टक्क्यांच्या वर असेल तर तुमचा बेंचमार्क म्हणजे शेजाऱ्याच्या कामाचं मोजमाप. व्हीएमवेअरमध्ये मात्र हा आकडा पाहुण्या मशीनला बहुधा शून्यच दिसतो. तिथे होस्टवर जाऊन 'रेडी' (सीपीयूची वाट बघण्यात गेलेला वेळ) बघावा लागतो. बर्स्ट क्रेडिटवर (साठा असेतो पूर्ण वेग, संपला की कमी) चालणारी क्लाउड मशीन असेल तर 'आधी झकास, मग घसरण' हा बिघाड नव्हे, तुम्ही निवडलेल्या प्लॅनचा स्वभाव आहे.

चाचणीच चुकलेली नाही ना?

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण इथे चुका फार आणि दुरुस्ती फुकट.

सीपीयूचा वेग मोजणाऱ्या सिसबेंचचं उदाहरण घ्या. एका ठिकाणी मला दोन सर्व्हरचे कागद दाखवले: दोन्हीकडे 'एकूण वेळ १० सेकंद'. "नवा जुन्याइतकाच आहे, पैसे वाया गेले!" अहो, सिसबेंचच्या १.० आवृत्तीपासून सीपीयूची चाचणी मुळात ठरलेली १० सेकंदच चालते. बघायचं असतं ते सेकंदाला किती इव्हेंट झाले ते. जुनी ०.४ आवृत्ती ठरलेलं काम संपवायला किती वेळ लागला हे सांगायची, आणि लोक त्याच सवयीने वाचतात. शिवाय थ्रेडची संख्या दिली नाही तर तो एकच थ्रेड (एका कोअरपुरतं काम) चालवतो. बत्तीस कोअरच्या मशीनवर एक थ्रेड चालवायचा आणि बत्तीस कोअरचे पैसे वसूल झाले का ते विचारायचं, हे बरं नाही.

मेमरीसाठी मी स्ट्रीम वापरतो. जॉन मॅककॅल्पिन यांचा हा छोटासा प्रोग्राम जुना आहे, पण मेमरीची बँडविड्थ (सेकंदाला किती डेटा वाहतो) मोजायला अजून तोच हातात येतो. त्याचा एक नियम विसरला जातो: प्रत्येक ॲरे (चाचणीसाठीची आकड्यांची रांग) शेवटच्या पातळीच्या सगळ्या कॅशच्या (सीपीयूतल्या छोट्या वेगवान मेमरीच्या) बेरजेच्या किमान चौपट हवा. मूळ प्रोग्राममध्ये ॲरे १ कोटी घटकांचा असतो, म्हणजे ८० एमबीचा. एल३ कॅश २५६ एमबी असलेल्या एपिक (एएमडीचा प्रोसेसर) सर्व्हरवर तो तसाच चालवला तर स्ट्रीमचे तिन्ही ॲरे कॅशमध्येच मावतात, आणि मेमरीच्या नावाखाली कॅशचा आकडा छापला जातो. तिथे ॲरे किमान १ जीबीचा हवा, म्हणजे साधारण साडेतेरा कोटी घटकांचा. हा बदल कंपाइल करतानाच द्यावा लागतो.

डिस्कसाठी डीडी (लिनक्सची कॉपीची कमांड) वापरून शून्यं लिहिणं बंद करा. फाइल सिस्टिम कॉम्प्रेशन करत असेल तर शून्यं जवळजवळ लिहिलीच जात नाहीत. करत नसेल तर ती आधी रॅमच्या कॅशमध्ये जाऊन बसतात. एफआयओमध्ये 'डायरेक्ट' १ ठेवा (म्हणजे रॅमची कॅश टळते), फाइल रॅमहून मोठी घ्या, चाचणी वेळेवर बांधून किमान पाच मिनिटं चालवा. पाच मिनिटं एवढ्यासाठी की घरगुती दर्जाच्या एसएसडी सुरुवातीचं लेखन एका वेगवान भागात घेतात. तो भरला की खरा वेग दिसतो. डेटाबेससाठी मोजत असाल तर प्रत्येक लेखनानंतर एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का होईपर्यंत थांबणं) लावून बघा. वीज जाताना डेटा वाचवणारे कपॅसिटर ज्या एसएसडीत नसतात, तिथे जाहिरातीतले लाखो आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचनं-लेखनं) शेकड्यांवर किंवा हजार-दोन हजारांवर येतात. ती एसएसडी बिघडलेली नसते. ती त्या कामाची नसते.

फिरत्या डिस्कसाठी तोंडी हिशेब पुरतो. ७२०० आरपीएमची चकती एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते, म्हणजे सरासरी अर्ध्या फेरीला ४ च्या वर. हेड हलायला आणखी आठेक. सेकंदाला ८० यादृच्छिक वाचनं आली तर डिस्क ठणठणीत आहे.

तुलना कशाशी करताय?

कंपन्यांनी प्रसिद्ध केलेले स्पेक सीपीयू २०१७ या प्रमाणित चाचणीचे आकडे सगळे मेमरी चॅनेल (सीपीयू आणि रॅममधल्या वाटा) भरून, कंपायलर आणि बायोस नीट लावून घेतलेले असतात. तिथपर्यंत तुमचं मशीन पोचणार नाही, पोचायची गरजही नाही. स्वतःच्याच जुन्या आकड्याशी तुलना असेल तर तो जानेवारी २०१८ च्या आधीचा आहे का ते बघा. मेल्टडाउन-स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा त्रुटींच्या दुरुस्त्यांनंतर सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागण्या) जास्त करणारी कामं मंदावली. यात हार्डवेअरचा दोष नाही. ते आकडे परत मिळवायला दुरुस्त्या बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

पॉवरची सेटिंग

काखेत कळसा गावाला वळसा, तो इथे. विंडोज सर्व्हर मुळात 'बॅलन्स्ड' प्लॅनवर असतो. बऱ्याच सर्व्हरचा बायोसही विजेची बचत धरून येतो. दोन्ही 'परफॉर्मन्स'वर नेऊन तीच चाचणी पुन्हा चालवा. लिनक्सवर गव्हर्नर (सीपीयूचा वेग ठरवणारी सेटिंग) बघताना एक खाचखळगा आहे: इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरमध्ये 'पॉवरसेव्ह' दिसलं म्हणून घाबरू नका, तिथे वेग गरजेप्रमाणे चढतो. जुन्या एसीपीआय ड्रायव्हरमध्ये मात्र त्याच नावाचा अर्थ खरोखर किमान वेग असा आहे.

एका खिडकीत चाचणी आणि शेजारच्या खिडकीत टर्बोस्टॅट (सीपीयूचा वेग आणि तापमान दाखवणारं साधन), ही माझी आवडती जोडी. भर कामात सीपीयू ८०० मेगाहर्ट्‌झवर खिळून बसलेला दिसला तर मागे जाऊन दोन्ही पॉवर सप्लायचे दिवे बघा. दोनपैकी एक बंद पडला की काही सर्व्हर उरलेल्यावर भार नको म्हणून सीपीयूचा गळा आवळतात. एकदा नुसती प्लगची पिन सैल होती. झाडूवाल्या मावशींचा धक्का लागला होता, आणि आम्ही दोन दिवस फर्मवेअर वाचत बसलो होतो.

उष्णता

विदर्भात मे महिन्यात येणाऱ्या तक्रारींचं मूळ निम्म्याहून जास्त वेळा इथेच. अश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची शिफारस सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी अशी आहे. आपल्याकडे खोलीत फायलींचे गठ्ठे, एसी संध्याकाळी सहाला बंद ("रात्री कोण असतं?"), आणि बाहेर रात्री दहालाही पस्तीस. सीपीयू तापला की तो वेग कमी करून स्वतःला वाचवतो. 'आधी झकास मग घसरण' याचं हे सगळ्यात सामान्य कारण. टर्बोस्टॅटमध्ये तापमान चढतंय आणि त्याच मिनिटाला मेगाहर्ट्‌झ उतरतायत असं दिसलं की पुढे शोधायला नको. आयपीएमआयटूलने (सर्व्हरचे सेन्सर वाचणाऱ्या साधनाने) आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा आणि वहीत बेंचमार्कच्या शेजारी लिहा.

समोरची जाळी धुळीने बुजली असेल तर मशीन बंद करून ब्लोअरने उडवा. पंख्याची पाती बोटाने धरून, नाहीतर ती भिरभिर फिरून बेअरिंग खातात. एसीऐवजी सर्व्हरच्या खोलीत पाण्याचा कूलर लावलेला मी दोन ठिकाणी पाहिलाय. थंडावा मिळतो हे खरं, पण ओल आणि क्षार आत जाऊन कनेक्टर हिरवे पडतात. आजचा बेंचमार्क सुधारतो, पुढच्या वर्षी मदरबोर्ड जातो.

रॅमच्या पट्ट्या: किती जीबी नव्हे, किती आणि कुठे

आकडा स्थिर पण कमी असेल, तर माझा पहिला संशय रॅमवर.

एका कारखान्याने दोन वर्षांपूर्वी नवा सर्व्हर घेतला. कोटेशनवर '६४ जीबी डीडीआर४ ३२००', आणि मशीनमध्ये खरोखर ६४ जीबी. ईआरपीचे (कारखान्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे) अहवाल मात्र जुन्या सर्व्हरइतकेच रेंगाळत. स्ट्रीमचा आकडा सेकंदाला चाळीस जीबीच्या आत. डीएमआयडीकोडने (हार्डवेअरची माहिती देणाऱ्या साधनाने) मेमरीची यादी काढली तर ३२ जीबीच्या दोन पट्ट्या आणि बाकी स्लॉट रिकामे. त्या प्रोसेसरला आठ चॅनेल होते. हिशेब सोपा आहे: ३२०० गुणिले ८ बाइट, म्हणजे चॅनेलमागे २५.६ जीबी. दोन पट्ट्यांवर कमाल ५१.२, आठही चॅनेल भरले तर २०४.८. पुरवठादार खोटं बोलला नव्हता, त्याने पट्ट्या वाचवल्या होत्या. आठ पट्ट्या बसल्यावर तोच स्ट्रीम दीडशेच्या आसपास आला. कागदावरच्या कमाल आकड्याच्या तीन-चतुर्थांशाच्या पुढेमागे आलं की मी समाधान मानतो.

चॅनेलची संख्या मॉडेलनुसार बदलते, मॅन्युअलमध्ये बघा: इंटेलच्या झिऑन स्केलेबलच्या पहिल्या दोन पिढ्यांना सॉकेटमागे (प्रोसेसरमागे) सहा, तिसरीपासून बहुतेकांना आठ; एपिक ७००० मालिकेला आठ, ९००४ ला बारा. कोणत्या स्लॉटमध्ये आधी पट्टी जाते हे झाकणाच्या आतल्या आकृतीवर छापलेलं असतं. वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या मिसळल्या तर सगळ्या सर्वात हळू पट्टीच्या वेगाने धावतात. म्हणून डीएमआयडीकोडमध्ये पट्टीचा छापील वेग नको, 'कॉन्फिगर्ड' वेग वाचा.

दोन सॉकेटच्या मशीनवर, सगळे चॅनेल भरूनही आकडा हलत असेल तर कारण नूमा, म्हणजे प्रत्येक सॉकेटची आपापली वेगळी मेमरी. प्रोग्राम एका सॉकेटवर आणि त्याची मेमरी दुसऱ्याकडे पडली की मधला दुवा वाट अडवतो. नूमासीटीएलने दोन्ही एकाच नोडवर बांधून चालवा. आकडा स्थिरावला तर हार्डवेअर ठीक आहे.

रेड कार्डाची बॅटरी

वाचन ठीक, लेखन रांगतं: बॅटरी. पतसंस्थांमध्ये ही तक्रार 'डे-एंडला दोन तास लागतात' अशा शब्दांत येते.

कार्डावर स्वतःची कॅश असते. बॅटरी धडधाकट असेल तोवर कार्ड लेखन कॅशमध्ये घेऊन लगेच 'झालं' म्हणतं. याला राइट-बॅक म्हणतात. बॅटरी कमजोर झाली, किंवा स्वतःची चाचणी घेण्यासाठी ती रिकामी होत असली, की कार्ड गुपचूप राइट-थ्रूवर जातं आणि प्रत्येक लेखन डिस्कवर पोचेपर्यंत थांबतं. रेड ५ मध्ये एका छोट्या लेखनाला दोन वाचनं आणि दोन लेखनं लागतात, त्यामुळे तिथे हाल जास्त. स्टोअरसीएलआय किंवा तुमच्या कार्डाचं जे साधन असेल त्यात दोन गोष्टी बघा: बॅटरीची अवस्था, आणि आत्ता चालू असलेली कॅश पद्धत.

त्याच साधनात 'बॅटरी नसली तरी राइट-बॅक' असा पर्याय असतो. तो लावला की आकडा लगेच उडी मारतो. लावू नका. वीज गेली, यूपीएस दोन मिनिटांत बसला, की कॅशमधली लेखनं गेली आणि खात्यांचा ताळेबंद तुटला. आपल्याकडच्या विजेवर हा जुगार मी कोणाला खेळू देत नाही.

एनव्हीएमई डिस्क (पीसीआय एक्स्प्रेसवर थेट जोडलेली वेगवान एसएसडी) असेल तर एलएसपीसीआय या साधनाच्या सविस्तर यादीत लिंकची क्षमता आणि सध्याची स्थिती या दोन ओळी जुळवून बघा. चार लेनची चौथ्या पिढीची डिस्क तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये असेल तर ७.९ ऐवजी ३.९ जीबीच वाट आहे. स्लॉट योग्य असून स्थिती 'डाउनग्रेडेड' असेल तर मशीन बंद करून कार्ड काढून पुन्हा नीट बसवा. नेटवर्कचं थोडक्यात: आयपर्फ या नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या साधनावर ९४१ मेगाबिट आले तर १ गिगाबिटची लिंक उत्तम आहे, १० गिगाबिटच्या कार्डावर तोच आकडा आला तर दोष तारेत किंवा स्विचच्या पोर्टमध्ये.

इथे थांबा, माणूस बोलवा

लॉगमध्ये मशीन चेक एरर (सीपीयूने नोंदवलेला हार्डवेअरचा बिघाड) किंवा ईसीसीच्या (रॅममधल्या चुका पकडणाऱ्या व्यवस्थेच्या) दुरुस्त न होणाऱ्या चुका दिसल्या तर बेंचमार्क तिथेच बंद करा. भार टाकत राहिलात तर डेटा बिघडेल. रेड 'डिग्रेडेड' (एखादी डिस्क गेलेली) असेल, किंवा डिस्कच्या स्मार्ट अहवालात (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद) रिअलोकेटेड सेक्टर (बाद होऊन बदललेले भाग) वाढत असतील, तर आधी बॅकअप, चाचणी नंतर. रेडची बॅटरी फुगलेली दिसली तर तिला हात लावू नका. जाळी, खोली, पंखे ठीक असूनही एकच सीपीयू तापत असेल तर हीटसिंकची पेस्ट बदलायची वेळ आहे. वॉरंटी चालू असेल तर ते झाकण तुम्ही उघडायचं नाही. चालू उत्पादनाच्या सर्व्हरवर बायोस किंवा रेड कार्डाचं फर्मवेअर बेंचमार्क सुधारावा म्हणून बदलणं, हेही एकट्याने करायचं काम नाही. पॉवर सप्लाय कधीच उघडू नका.

इंजिनिअर येण्याआधी सर्व्हरचा सिरियल नंबर, पाचही आकडे, चाचणीचा जसाच्या तसा हुकूम (कमांड), खोलीचं तापमान आणि बीएमसीचा (सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या वेगळ्या चिपचा) लॉग काढून ठेवा. नाहीतर त्याचा पहिला तास यातच जातो, आणि बिल तासावर असतं. तो निघायच्या आधी तीच चाचणी त्याच्यासमोर पुन्हा पाच वेळा चालवा. अपवाद फक्त रेडच्या बॅटरीचा. नवी बॅटरी पूर्ण चार्ज होईपर्यंत कार्ड राइट-थ्रूमध्येच राहतं, त्याला काही तास लागतात. त्या संध्याकाळचा लेखनाचा आकडा बघून त्याला अर्ध्या रस्त्यातून परत बोलावू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा.